वय दाखवा, मग आत या: ऑनलाइन वयपडताळणीबद्दल वाचकांचे प्रश्न

इंटरनेटवर वय तपासायचे सरकारी नियम ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात लागू झाले आहेत, भारतातले वाटेवर आहेत. या विषयावर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

मुलगी चौदा वर्षांची आहे, इन्स्टाग्राम वापरते. नव्या कायद्यानं तिचं खातं बंद होणार, नाहीतर तिचं आधार अपलोड करावं लागणार, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. खरं काय?
*एक पालक, सातारा*

खातं बंद होणार ही अफवा आहे. आधारच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, पण ते वेगळ्याच बाजूनं.

आपल्याकडे आहे तो २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. तो मुलांवर बंदी घालत नाही. त्याच्या कलम ९ नुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीचा डेटा हाताळण्याआधी कंपनीनं आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यायला हवी. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. हे मोडलं तर कंपनीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. त्यातला मुलांबद्दलचा भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू व्हायचा आहे. त्यामुळे 'नव्या कायद्याप्रमाणे आजच आधार अपलोड करा' असं कुणी म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता आधारचं. नियम १० नीट वाचला तर त्यात तपासणी मुलीची नाही, तुमची आहे. क्रम असा: मुलगी खातं उघडताना 'मी अठराच्या आत आहे' असं सांगते. कंपनी पालकाला पुढे यायला सांगते. तुमचं त्याच कंपनीकडे आधीपासून खातं असेल आणि तुमची ओळख व वय यांची खात्रीशीर माहिती तिच्याकडे असेल, तर तीच चालते. नसेल तर तुम्ही ओळख आणि वयाचा तपशील स्वतःहून द्यायचा, किंवा अधिकृत संस्थेनं दिलेलं आभासी टोकन, म्हणजे ओळख आणि वयाशी जोडलेला डिजिटल संकेत, द्यायचं. डिजिलॉकरमधूनही ते देता येईल, असं नियमातच म्हटलं आहे.

यातल्या फटी उघड्या डोळ्यांना दिसतात. सगळी साखळी मुलीच्या खरं सांगण्यापासून सुरू होते. तिनं जन्मसाल २००४ टाकलं की नियम १० जागाच होत नाही. दुसरं, पुढे आलेली व्यक्ती सज्ञान आहे आणि तिची ओळख पटते, एवढंच तपासलं जातं. ती मुलीची आईच आहे की वरच्या मजल्यावरची ताई, हे तपासायची रीत नियमात नाही. तिसरं म्हणजे आईचाच फोन आणि आईचंच खातं असेल तर प्रश्नच मिटला. पण दोनशे कोटींची टांगती तलवार असलेली कंपनी मुलीच्या शब्दावर किती दिवस विसंबेल? कंपनीच्या दृष्टीनं सोपा मार्ग एकच, आलेल्या प्रत्येकाचं वय तपासायचं. मुलांसाठीचा नियम मोठ्यांच्या दारात येतो तो या वाटेनं.

माझं वय वीस. मुलांसाठीच्या नियमाचा मला काय त्रास? लपवण्यासारखं काही नसेल तर वय दाखवायला हरकत का असावी?
*विद्यार्थी, पुणे*

वय दाखवायला हरकत नाही. वयासोबत नाव, पत्ता, फोटो जातो आणि तुम्ही काय वाचता, काय लिहिता याला तो कायमचा चिकटतो, हरकत त्याला आहे.

पालघरचं प्रकरण तुमच्या लहानपणचं, म्हणून थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून एका तरुणीला, आणि त्या आवडल्या म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. त्या दोघींनी खऱ्या नावानं लिहिलं होतं. गावातल्या सरपंचाविरुद्ध, वसतिगृहाच्या रेक्टरविरुद्ध किंवा घरातल्याच कुणाविरुद्ध लिहिणाऱ्याला खरं नाव परवडत नाही. तो लिहिणं सोडून देतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. बंदीचा निदान निषेध करता येतो. जे लिहिलंच गेलं नाही त्याचा कसा करणार?

ब्रिटनमध्ये हा वाद विकिपीडियापर्यंत गेला. तिथल्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याच्या सर्वात कडक वर्गात विकिपीडियाची गणना झाली तर संपादकांची ओळख तपासायची वेळ येईल, म्हणून विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५मध्ये उच्च न्यायालयानं दावा फेटाळला, मात्र पुढे पुन्हा दाद मागायची वाट मोकळी ठेवली. मराठी विकिपीडियावरही कितीतरी जण टोपणनावानंच लिहितात.

आपल्या नियमांतली एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. नियम ८ प्रमाणे कंपनीनं वैयक्तिक डेटा, तो कधी, कुठून कुठे गेला याची माहिती आणि प्रक्रियेच्या नोंदी किमान एक वर्ष जपायच्या आहेत, आणि ठरावीक कारणांसाठी सरकार त्या मागू शकतं. तेव्हा 'पडताळणी झाली की आम्ही सगळं पुसतो' असं कुणी म्हटलं, की विचारायचं: फोटो पुसता, की नोंदही? फोटो गेला तरी 'अमुक दिवशी, अमुक खात्याची, अमुक कागदावरून तपासणी झाली' ही ओळ शिल्लक राहिली तर माग काढायला ती पुरते.

अठरा ही मर्यादाही जास्तच आहे. अमेरिकेत पालकांची अशी संमती १३ वर्षांखालीच लागते, युरोपात ही मर्यादा देशागणिक १३ ते १६. आपल्याकडे सतरा वर्षांची, बारावीतली मुलगी पाळीच्या तक्रारींबद्दल किंवा घरातल्या छळाबद्दल एखाद्या मंचावर विचारायला गेली तर आधी वडिलांची संमती. डॉक्टर, रुग्णालयं, मानसिक आरोग्य संस्था यांना सूट आहे, पण अशी मुलगी पहिल्यांदा विचारते ती डॉक्टरला नव्हे. कलम ९ मध्येच एक पळवाट ठेवली आहे: एखाद्या कंपनीची पद्धत पडताळून सुरक्षित वाटली तर सरकार तिच्यापुरती वयाची अट खाली आणू शकतं. ती वापरली जावी, असं आमचं मत आहे.

आम्ही लंडनजवळ राहतो. जुलै २०२५पासून अनेक साइट्स वय विचारतात. सेल्फी, कार्ड, पासपोर्ट असे पर्याय येतात. कोणता निवडावा?
*स्लाऊ, ब्रिटन*

तुमच्याकडे २५ जुलै २०२५पासून अश्लील आणि मुलांना घातक ठरणाऱ्या मजकुरासाठी 'अत्यंत परिणामकारक' वयतपासणी सक्तीची आहे. ऑफकॉम ही नियामक संस्था कंपनीला १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांतली मोठी रक्कम दंड करू शकते. त्यामुळे कंपन्या गरजेपेक्षा जास्तच झाकतात. युक्रेन आणि गाझाच्या युद्धाविषयीच्या काही नोंदीही वयाच्या पडद्याआड गेल्याचं बीबीसीनं दाखवून दिलं होतं.

पर्याय निवडताना एकच कसोटी लावा: तपासणाऱ्याच्या हातात काय राहतं?

मोबाइल कंपनीकडून तपासणी हा आमच्या मते सर्वात हलका पर्याय. ब्रिटनमध्ये सिमवर प्रौढ मजकुराची गाळणी मुळातच लावलेली असते. ती काढली असेल तर वापरणारा सज्ञान, एवढाच निष्कर्ष साइटला मिळतो. सिम दुसऱ्याच्या नावावर असेल तर मात्र उपयोग नाही. क्रेडिट कार्डही ठीक, कारण तिथे ते अठराच्या आत मिळत नाही. डेबिट कार्ड चालत नाही, आणि बऱ्याच जणांचा प्रयत्न नेमका इथेच फसतो. बँकेमार्फत तपासणीत बँक 'अठराच्या वर' एवढंच सांगते. ईमेलवरून वय ताडणारी पद्धत तुमचा पत्ता पूर्वी कुठे कुठे वापरला गेला ते बघते. नुकतेच भारतातून आलेल्यांचा तिथला ईमेल नवा असतो, म्हणून तो नापास होण्याची शक्यता जास्त.

सेल्फीची पद्धत चेहऱ्यावरून ओळख पटवत नाही, वयाचा अंदाज बांधते. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेनं मे २०२४मध्ये अशा सहा प्रणालींचा अहवाल काढला. व्हिसाच्या फोटोंवर सर्वात अचूक प्रणालीची सरासरी चूक ३.१ वर्षांची निघाली, आणि स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत चूक जवळजवळ नेहमी जास्त होती. ही चूक पोटात घ्यायची म्हणून साइट्स उंबरठा अठराच्या बऱ्याच वर ठेवतात. त्यामुळे एकवीस-बावीस वर्षांचे, तब्येतीनं बारीक तरुण हमखास अडकतात. सेल्फी द्यायचीच असेल तर खिडकीकडे तोंड करून उभं राहा, चष्मा काढा, कॅमेऱ्याची काच पुसा. कमी उजेडात फोन स्वतःहून त्वचा गुळगुळीत करतो आणि वय आणखी कमी दिसतं.

पासपोर्टचा फोटो सर्वात शेवटी. त्यातही धोक्याची जागा कुठली ते बघा. ऑक्टोबर २०२५मध्ये डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या सेवेनं जाहीर केलं की सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असू शकतात. ते फोटो वय चुकीचं ठरल्यावर अपील करणाऱ्यांचे होते आणि ग्राहकसेवा बघणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराकडे साठलेले होते. म्हणजे पुढचं दार कितीही भक्कम असलं तरी तक्रारीच्या खिडकीत कागदांचा ढीग पडलेला असतो. सेल्फी नापास झाली तर तक्रारीच्या ईमेलला पासपोर्ट जोडू नका. परत मागे जाऊन दुसरी पद्धत निवडा.

नाव न सांगता वय सिद्ध करता येतं असं वाचलं. हे कसं शक्य आहे? आणि आपल्या आधारमध्ये ते होतं का?
*निवृत्त शिक्षक, नाशिक*

नाव न सांगता वय सिद्ध करता येतं, आणि गणित जुनंच आहे. तीन बाजू धरा: प्रमाणपत्र देणारा, ते बाळगणारे तुम्ही, आणि विचारणारी साइट. देणारा तुमचा कागद एकदाच बघतो आणि तुमच्या फोनमध्ये 'ही व्यक्ती १८ वर्षांवरील आहे' असा डिजिटल सहीचा दाखला ठेवतो. त्यावर नाव नाही, जन्मतारीख नाही. साइट फक्त सही खरी आहे का ते तपासते. तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे देणाऱ्याला कळत नाही, आणि तुम्ही कोण हे साइटला कळत नाही.

अडचण बारीक आहे, पण तिथेच सगळं आहे. तोच दाखला दहा साइट्सना दाखवला तर दहाही जणांकडे एकाच सहीची नोंद राहते. त्या नोंदी एकत्र केल्या की दहा ठिकाणी फिरणारा माणूस एकच आहे हे कळतं, आणि त्यातल्या एका ठिकाणी तुम्ही नाव दिलेलं असतं. यावर उपाय दोन. एक, फोनमध्ये एकदाच वापरायच्या दाखल्यांचा गठ्ठा ठेवायचा. युरोपीय आयोगानं जुलै २०२५मध्ये मांडलेला वयपडताळणी अ‍ॅपचा आराखडा ही वाट धरतो. दोन, सही दाखवायचीच नाही, 'माझ्याकडे खरी सही आहे' एवढंच गणितानं सिद्ध करायचं. याला शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात.

मर्यादाही सांगायला हवी. दाखला जितका निनावी, तितका तो दुसऱ्याच्या हाती द्यायला सोपा. वडिलांच्या अनलॉक केलेल्या फोनवरून मुलगा आत जाणारच. ही फट बुजवायला प्रत्येक वेळी चेहरा तपासायचा म्हटलं की पुन्हा पाळतीकडे आलो. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि मिळतं असं सांगणारा काहीतरी विकत असतो.

आधारचं म्हणाल तर 'मास्क्ड आधार'बद्दल मोठा गैरसमज आहे. माय आधारच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन केलं, डाउनलोडमध्ये मास्क्ड पर्यायावर खूण केली की पीडीएफ मिळते. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. त्यात बारा आकड्यांपैकी पहिले आठ झाकलेले असतात. झाकलेलं असतं ते तेवढंच. नाव, फोटो, जन्मतारीख, पत्ता सगळं तसंच दिसतं. झेरॉक्सच्या दुकानात देण्यासाठी ही सोय बरी, निनावी वयपडताळणीसाठी नाही. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या नव्या आधार अ‍ॅपमध्ये निवडक माहितीच पुढे द्यायची सोय आहे, ती या दिशेची आहे. साइट्स ती स्वीकारतात का, यावर पुढचं अवलंबून.

आणि एक विसंगती नोंदवतोच. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४मध्ये एका अपघात नुकसानभरपाईच्या प्रकरणात सांगितलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला त्याहून ग्राह्य. ज्यांची जन्मतारीख १ जून लावलेली आहे अशी आपल्याकडची पिढी हे लगेच समजेल.

शाळेचं अ‍ॅप आहे: हजेरी, गृहपाठ, बसचं ठिकाण. प्रत्येक पालकाची पडताळणी करावी लागणार का?
*मुख्याध्यापक, लातूर*

शाळेपुरती बरीच सूट आहे. नियमांच्या चौथ्या परिशिष्टात शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागेल तेवढी देखरेख करता येते. मुलांची ने-आण करणाऱ्यालाही प्रवासादरम्यान ठिकाण बघता येतं. चूक होते ती पुढे: सूट शाळेच्या कामाला आहे, अ‍ॅप विकणाऱ्या कंपनीच्या धंद्याला नाही. तिनं हजेरीच्या डेटावरून शिकवणीच्या जाहिराती पाठवल्या तर ते या सवलतीत बसत नाही, आणि डेटा तुम्ही दिलेला असल्यानं जाब तुम्हालाही विचारला जाणार.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या. डेटा फक्त शाळेच्या सूचनेनुसार वापरायचा. वर्ष संपल्यावर किंवा मूल शाळा सोडून गेल्यावर, कायद्यानं ठेवायच्या नोंदी वगळता, तो पुसून तसं लेखी कळवायचं. गळती झाली तर शाळेला ताबडतोब सांगायचं. सुरक्षेत ढिलाई झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुम्हाला तेवढा होईल असं नाही, पण 'आम्ही लहान शाळा' हे उत्तर कायद्यात बसत नाही. प्रवेश अर्जातल्या बारीक अक्षरांतली 'मला सर्व अटी मान्य' ही ओळ संमती म्हणून टिकणार नाही. फोटो, बस आणि अ‍ॅप यांसाठी वेगळ्या चौकटी करा. आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधार क्रमांकांसह यादी टाकायची सवय आजच मोडा. त्यासाठी मे २०२७ची वाट कशाला?

मी मराठी कथा-कवितांची छोटी साइट चालवतो. खाती उघडता येतात, प्रतिक्रिया देता येतात. मलाही वय तपासावं लागेल?
*कोल्हापूर*

कायदा आकार बघत नाही. स्टार्टअपना काही कलमांतून सूट द्यायची तरतूद कलम १७ मध्ये आहे, पण त्या यादीत मुलांविषयीचं कलम ९ नाही, हे बऱ्याच सल्लागारांच्याही नजरेतून सुटतं.

तुमच्यासाठी मार्ग आहे तो डेटा कमी घेण्याचा. वाचायला खातं लागू देऊ नका. प्रतिक्रियेसाठी टोपणनाव पुरे. ईमेल, फोन, जन्मतारीख यांचे रकाने काढा. साइटवर बसवलेली जाहिरातींची आणि भेटी मोजणारी बाहेरची साधनं तपासा, माग काढण्याचं काम बहुधा तीच करतात. जुनी, वर्षानुवर्षं न वापरलेली खाती पुसा. सर्व्हरच्या नोंदी किती दिवस राहतात ते होस्टिंगवाल्याला विचारा. एवढं करूनही खाती ठेवायचीच असतील तर 'मी अठरा वर्षांवरील आहे' एवढी खूण घ्या, आणि ज्यानं स्वतःहून वय कमी सांगितलं त्याचं खातं पालकाच्या संमतीशिवाय उघडू नका.

मोठ्या कंपन्यांना हे नियम पेलतात, त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२४मध्ये लंडनच्या सायकलप्रेमींचा एक जुना मंच चालवणाऱ्यानं, ही जबाबदारी एकट्याला झेपणार नाही म्हणून मंच बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. पुढे इतरांनी तो सांभाळायला घेतला. ज्यांना कुणी वाली मिळाला नाही असे मंच गुपचूप मिटतात, आणि तिथल्या गप्पा एखाद्या मोठ्या कंपनीच्या अंगणात जातात.

मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिची खाती गेली. तिचे फोटो, आणि भारतातल्या आजी-आजोबांशी बोलणं, याचं काय?
*मेलबर्न*

बोलणं चालू राहील. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांच्या खात्यांवर बंदी आहे, तिच्या यादीत फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, किक आणि ट्विच आहेत. व्हॉट्सअ‍ॅप, मेसेंजर, यूट्यूब किड्स, गूगल क्लासरूम यादीबाहेर आहेत. खातं न उघडता यूट्यूब बघताही येतं, कारण बंदी खात्यावर आहे, बघण्यावर नाही. मात्र खात्याशिवाय बघताना पालकांनी लावलेली बंधनंही गळून पडतात, याकडे लक्ष असू द्या.

फोटोंसाठी त्या त्या सेवेची 'माझा डेटा डाउनलोड' ही सोय शोधा. दंड, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, फक्त कंपनीला आहे. मुलीला किंवा तुम्हाला नाही. तुमचं किंवा मोठ्या मुलाचं खातं चुकून गेलं तर कंपनी केवळ सरकारी ओळखपत्राचाच हट्ट धरू शकत नाही, दुसरा वाजवी पर्याय द्यायलाच हवा असं कायद्यात आहे. त्यावर बोट ठेवून मागा. वय तपासायला घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करण्याचं बंधनही तिथे आहे. आपल्या नियमांत एवढा स्पष्टपणा असता तर बरं झालं असतं.

गोव्यातही सोळाखाली बंदी येणार का?
*म्हापसा*

जानेवारी २०२६मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी ऑस्ट्रेलियासारख्या कायद्याचा अभ्यास सुरू असल्याचं सांगितलं. अडचण अधिकाराची आहे. दूरसंचार आणि तत्सम दळणवळण घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत, नोंद ३१ मध्ये येतं. राज्यानं कायदा केला तर पहिला युक्तिवाद त्यावरच होईल. दुसरी अडचण साधी आहे: वापरणारा म्हापशात आहे की सावंतवाडीत, हे साइटला नीट कळतच नाही. मोबाइल डेटाचा पत्ता अनेकदा भलत्याच शहरातला दिसतो.

व्हीपीएन वापरला तर हे सगळं टळतं ना?
*मुंबई*

व्हीपीएन म्हणजे तुम्ही दुसऱ्याच देशातून आलात असं साइटला दाखवू शकणारी सेवा. तिनं देशावर आधारलेली तपासणी टळते. म्हणूनच ब्रिटनमध्ये नियम लागू झाले त्या दिवशी प्रोटॉन व्हीपीएननं नोंदणीत १,४०० टक्क्यांहून अधिक वाढ सांगितली. खात्यावर आधारलेली तपासणी टळत नाही. भारतात व्हीपीएन वापरणं सरसकट बेकायदा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत वेळोवेळी मनाई आदेश निघाले आहेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले.

मुलांच्या फोनवर फुकट व्हीपीएन मात्र नको. मुलं कुठल्या साइटवर जातात ते सगळं त्या अ‍ॅपच्या मालकाला दिसतं, आणि वय लपवायला गेलेलं मूल स्वतःची सगळी वर्दळ एका अनोळखी माणसाच्या हवाली करतं.

कायदा येईल तेव्हा येईल. आज घरात काय करता येईल?
*एक आई, सांगली*

मुलाच्या फोनवर त्याचं खरं जन्मसाल टाकून वेगळं खातं उघडा. खोटं वय टाकलं की मुलांसाठीची सगळी कवचं आपोआप गळतात. अँड्रॉइडवर फॅमिली लिंक, आयफोनवर स्क्रीन टाइम लावा. अ‍ॅप घेण्याआधी तुमची परवानगी लागेल असं ठेवा. इन्स्टाग्रामवर अठराखालच्यांना किशोर खातं मिळतं, आणि सोळाखालच्यांना त्याची बंधनं सैल करायला पालक लागतात. ओटीटीवर २०२१च्या नियमांनुसार १३ वर्षांवरच्यांसाठीच्या आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना पालक-कुलूप असतं, ते बहुतेक घरांत कधी चालूच केलेलं नसतं. प्रोफाइलला चार आकडी पिन लावा, आणि तो घरातल्या कुणाचा वाढदिवस नसू द्या.

तुमच्याच जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवतं आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवतं. कुणाचंही ओळखपत्र न मागता चाललेला प्रयोग म्हणून तो आम्हाला आवडतो, जरी प्रत्येक गावात तो टिकेल असं वाटत नाही.

'२४ तासांत वयपडताळणी करा, अन्यथा खाते बंद' असा संदेश आलाय, खाली लिंक आहे.
*ठाणे, जळगाव, पणजी आणि इतर अनेक*

उघडू नका. खरी पडताळणी अ‍ॅप उघडल्यावर अ‍ॅपच्या आतच मागितली जाते, एसएमएसच्या लिंकवर नाही. त्यासाठी ओटीपी कुणाला फोनवर वाचून दाखवावा लागत नाही, आणि एक रुपयाही भरावा लागत नाही. आधारचा फोटो देऊन बसला असाल तर प्राधिकरणाच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.